हातमोजे घातले होते तरी हात कापला: खानापूर रोडवरच्या एका साइटचं प्रकरण

बेळगावात खानापूर रोडला मच्छेच्या अलीकडे एका प्लॉटवर खाली दुकानं आणि वर दोन मजले फ्लॅट असं काम चालू होतं. मे महिना संपत आलेला, आणि मृग लागला की खानापूरकडचा पाऊस उसंत देत नाही हे इकडच्या माणसाला सांगायला नको, त्यामुळे वरचा स्लॅब पावसाच्या आत टाकायचाच अशी सगळ्यांची धावपळ चाललेली. सेंट्रिंगवाले, म्हणजे स्लॅबखालचा साचा बांधणारे, खानापूर तालुक्यातले, सळईवाले बैलहोंगलकडचे, गवंडी आणि बिगारी दोन्हीकडचे मिळून, रोज पंधराच्या वर माणसं साइटवर असायची. त्यातल्या सेंट्रिंगच्या एका पोराचा डावा हात कटरमध्ये गेला. पोरगं जेमतेम विशीतलं, आणि त्यावेळी त्याच्या दोन्ही हातात हातमोजे होते.

मी उद्यमबागेत एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो. काँट्रॅक्टर ओळखीचा, अपघातानंतर त्याचा फोन आला की जरा येऊन बघून जा, माणसं माझं ऐकेनात. म्हणून खाली जे लिहिलंय ते काही तिथे बघितलेलं आणि काही तिथल्या माणसांनी सांगितलेलं. नाव कुणाचंच देत नाही, पोराचंही नाही. पण प्रकरण पूर्ण लिहायचं ठरवलं कारण असल्या साइट बेळगावात गल्लोगल्ली आहेत आणि चूक सगळीकडे तीच होते.

काय झालं

प्लाय कापायला साइटवर टेबल करतात तसलंच इथे होतं. एक जाड प्लाय घोडीवर टाकलेला, त्याच्या खालून हातात धरायचा वुड कटर उलटा करून बोल्टने आवळलेला, आणि फटीतून सात इंची ब्लेड वर आलेलं. ब्लेडवर कव्हर नाही. मागच्या बाजूला कापलेली फट उघडी ठेवणारी पट्टी असायला पाहिजे, ती नाही. मशीनचा स्विच तारेने बांधून कायम चालू ठेवलेला, म्हणजे बंद करायचं तर पलीकडच्या कॉलमला लटकवलेल्या बोर्डातून पिन ओढायची, आणि तो बोर्ड टेबलापासून चांगला पाच-सहा पावलं लांब.

रोज कापणारा सुतार गावच्या जत्रेला गेलेला. बीमच्या बाजूच्या पट्ट्या कमी पडायला लागल्या म्हणून सेंट्रिंगच्या मिस्त्रीने आपल्या भाच्याला टेबलावर लावलं. सकाळी त्याच्या तळहातात प्लायची कुसळ गेली होती, मामाने ती काढली आणि सांगितलं, अरे मोजे घाल की, हात कशाला फोडून घेतोस. पोराने कोपऱ्यात पडलेले सुती विणलेले पांढरे मोजे घातले. मनगटाची शिवण उसवलेली, बोटांच्या टोकाला धागे सुटलेले. मामाने काळजीनेच सांगितलं होतं, आणि या एका गोष्टीचा त्याला नंतर किती त्रास झाला ते मी बघितलंय.

शेवटची पट्टी अरुंद होती. प्लाय ब्लेडला चिकटून दबायला लागला, मशीनचा आवाज बदलला, पोराने डाव्या हाताने जोर लावून पट्टी पुढे ढकलली. मोज्याचा सुटलेला धागा दातांत गेला आणि मोज्याबरोबर हात ओढला गेला. त्या मशीनचं ब्लेड मिनिटाला 5000 च्या आसपास फेरे घेतं, सात इंची ब्लेडचे दात म्हणजे सेकंदाला 45-50 मीटर पळतात. दचकून हात मागे घ्यायला माणसाला निदान पाव सेकंद तरी लागतो, आणि तेवढ्यात दहा मीटरच्या वर दात त्या जागेवरून गेलेले असतात. उघडा हात असता तर कदाचित टेकल्या टेकल्या झटका बसून बाजूला फेकला गेला असता, थोडं कापलं असतं. मोज्याने हात सोडलाच नाही. पिन ओढेपर्यंत तर्जनी आणि मधलं बोट आतल्या बाजूने खोल कापलेलं.

त्यानंतर दोन गोष्टी चांगल्या झाल्या त्या पण लिहायला पाहिजेत. एका बिगारी मावशीने आपला धुतलेला पदर फाडून जखमेवर घट्ट दाबून धरला आणि हात वर करून धरायला लावला. कुणीतरी हळद आणायला पळालं होतं, कुणी सिमेंट टाका म्हणालं, तिने दोन्ही टाकू दिलं नाही. दुसरं म्हणजे ज्या छोट्या दवाखान्यात आधी नेलं तिथल्या डॉक्टरांनी टाके घालून घरी पाठवलं नाही. त्यांनी पोराला प्रत्येक बोटाचं टोक वेगवेगळं वाकवायला सांगितलं. तर्जनीचं टोक वाकेना, आणि एका बाजूला स्पर्श कळेना. म्हणजे आतली दोरी, टेंडन, आणि स्पर्श कळवणारी नस, नर्व्ह, दोन्ही कापलेलं. लगेच हाताच्या सर्जनकडे पाठवलं. हातावर वरून छोटी दिसणारी चीर असली तरी बोट वाकवून बघायचं, हे साइटवरच्या प्रत्येकाला माहिती असायला पाहिजे, कारण नुसती कातडी शिवून आठवडे गेले की टेंडन आत आखडतं आणि मग जोडणं फार अवघड होतं.

बोट तुटून वेगळंच पडलं असतं तर ते स्वच्छ ओल्या कपड्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची, बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही. इथे ती वेळ आली नाही.

अपघातानंतर साइटवर झालेला उलटा परिणाम

मी गेलो तेव्हा एकाच्याही हातात मोजे नव्हते. सगळ्यांनी एकच अर्थ काढलेला, मोजे होते म्हणून हात गेला. सळईवाल्यांचा म्होरक्या मला मोडक्या मराठीत म्हणाला, सर, मोजे घातल्यावरच आक्सिडेंट होतोय, आम्हाला नको. आणि त्याचं पूर्ण चूक पण म्हणता येत नव्हतं, त्याने डोळ्यांनी बघितलेलं.

काँट्रॅक्टरने बरोबर उलट केलेलं. तो घाबरून खडे बाजारात गेला आणि पोतं भरून मोजे घेऊन आला, सगळे एकच, तेच सुती विणलेले, सगळे एकाच मापाचे, आणि फर्मान काढलं की उद्यापासून मोज्याशिवाय कुणी कामाला हात लावायचा नाही. म्हणजे कटरवरसुद्धा मोजे कम्पल्सरी. ज्या गोष्टीने अपघात झाला तीच आता सगळ्यांना सक्तीची.

माझ्या मते या प्रकरणातलं शिकायचं हे इथेच आहे. मोजे घालायचे की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे. कुठल्या कामाला कुठला मोजा, आणि कुठल्या मशीनजवळ मोजा अजिबात नको, हे ठरवल्याशिवाय मोज्यांचं पोतं आणून उपयोग नाही. फिरणाऱ्या उघड्या भागाजवळ, म्हणजे टेबल कटर, ड्रिल, मिक्सरची चेन आणि गिअर, सळई वाकवायच्या मशीनची फिरणारी पिन, इथे मोजा हा हात ओढून नेणारी गोष्ट होतो. कट-रेझिस्टंट म्हणून विकतात तो महागडा मोजासुद्धा मशीनवर फिरणाऱ्या दातेरी ब्लेडला अडवू शकत नाही. तो पत्र्याची धार, टाइलची कड, काच, यांच्यासाठी असतो. हे दुकानदार सांगत नाही आणि पाकिटावर पण मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं.

तर पहिल्या दिवशी आम्ही मोज्यांना हातच लावला नाही, आधी टेबल मोडलं. राहिलेल्या पट्ट्यांची यादी काढून प्लाय वखारीतून मापाने कापून आणायचं ठरलं, तिथे नीट बसवलेली मशीन आणि रोज तेच काम करणारा माणूस आहे. टेम्पोचं भाडं पडलं, पण साइटवर मशीन चालवायला वेगळा माणूस लागला नाही. नंतर एखादी पट्टी कमी पडली तर कापायला दुसरं टेबल केलं, त्याला वरचं कव्हर, मागची पट्टी, टेबलाच्या पुढच्या पायाला गुडघ्याने दाबता येईल असा बंद करायचा स्विच, आणि ढकलायला लाकडाची खाच असलेली काठी दोरीने तिथेच बांधून ठेवली. वीतभरापेक्षा अरुंद तुकडा हाताने ढकलायचा नाही, काठीने. आणि त्या टेबलावर मोजा नाही, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, हातात कडं-दोरा नाही. जत्रेतून बांधून आलेले दोरे काढायला लावताना मला वाईट वाटलं, पण मनगटातला दोरा पण धाग्यासारखाच ओढला जातो, म्हणून तेवढ्या वेळापुरते ते काढून ठेवायला सांगितले.

सगळ्यांचे हात बघितले

मग दुपारच्या जेवणाच्या वेळी एक काम केलं. सगळ्यांना म्हटलं हात दाखवा. आधी हसले, मग एकेकाने दाखवले, आणि मग तेच एकमेकांचे बघायला लागले.

गवंड्यांच्या बोटांच्या बेचक्यात पांढऱ्या भेगा, नखांच्या कडा खाल्लेल्या, एकाच्या तळहाताला बारीक खड्डे. ओल्या सिमेंटचा पीएच 12 ते 13 असतो, म्हणजे ते चांगलं तिखट अल्कली आहे, आणि वाईट हे की लागल्या लागल्या दुखत नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर आग होते आणि तोपर्यंत कातडी भाजलेली असते. शिवाय सिमेंटमध्ये क्रोमियमचा एक प्रकार थोड्या प्रमाणात असतो, त्याची ॲलर्जी एकदा अंगात बसली की पुढे जरासं सिमेंट लागलं तरी हात फुटतो आणि ते सहसा जन्मभर जात नाही. असले गवंडी शेवटी धंदाच सोडतात. सळईवाल्यांच्या अंगठ्याला आणि तर्जनीला बाइंडिंग वायरच्या असंख्य चिरा. सेंट्रिंगवाल्यांची नखं हातोडीने काळी पडलेली आणि खिळ्यांचे जुने डाग.

आणि चिरा उचलणाऱ्या बाया. आपल्याकडे जांभा चिरा किती वापरतात माहितीच आहे, खरबरीत दगड, दिवसभर हाताळून बोटांची टोकं गुळगुळीत होतात. एक मावशी म्हणाली, रेशन दुकानात मशीनवर माझं बोट लागत नाही, दोन-दोनदा परत पाठवतात. बोटावरच्या रेषाच झिजलेल्या. तिने हे अगदी सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही, पण मला ते ऐकून फार लागलं. घरात धान्य आणायला लागणारं बोट कामावर झिजतंय, आणि याला अपघात म्हणून कुठे नोंद पण होत नाही.

हा भाग मी मुद्दाम लांब लिहितोय. कटरचा अपघात एकदा होतो आणि सगळे हादरतात. पण हाताचं रोजचं नुकसान मोज्याने खरंच थांबतं, आणि नेमकं तिथेच मोजे नव्हते.

कुणाला कुठला मोजा

उद्यमबागेच्या बाजूला सेफ्टीचं सामान ठेवणारी दुकानं आहेत, तिथून वेगवेगळे नमुने आणले आणि लोकांनाच घालून काम करायला दिलं.

गवंड्यांना नायट्राइलचे, म्हणजे एका कृत्रिम रबराचे, मनगटाच्या वर कोपराच्या निम्म्या वाटेपर्यंत येणारे. सुती किंवा चामड्याचा मोजा सिमेंटला सगळ्यात वाईट, कारण तो पाणी पितो आणि ओलं सिमेंट दिवसभर कातडीला चिकटवून ठेवतो, त्यापेक्षा उघडा हात बरा असं म्हणायची वेळ येते. रबरी मोज्यात पण वरून सिमेंट आत गेलं तर तेच, म्हणून कड बाहेर दुमडायची म्हणजे हात वर केला तरी पाणी आत उतरत नाही. आणि काढायच्या आधी मोजे बाहेरून धुवायचे. आत घाम होतो म्हणून खाली पातळ सुती मोजा, तो रोज घरून धुऊन. हाताला सिमेंट लागलंच तर साध्या पाण्याने चांगली 15-20 मिनिटं धुवायचं. त्यासाठी मिक्सरशेजारच्या मातकट टाकीतलं पाणी नको, म्हणून वेगळा ड्रम नळ लावून ठेवला.

सळईवाल्यांनी सगळ्यात जास्त विरोध केला आणि त्यांचं म्हणणं मला पटलं पण. आकड्याने तार पिळताना बोटाला जाणवायला पाहिजे, जाड मोज्यात तार निसटते आणि बांधायला दुप्पट वेळ लागतो, आणि त्यांची मजुरी टनावर. मग नायलॉनच्या पातळ विणीचे, फक्त तळव्याला आणि बोटांना नायट्राइलचा थर दिलेले मोजे दिले, विणीचा गेज जितका जास्त तितका मोजा पातळ, तर 13 आणि 15 गेजचे दोन्ही आणले होते. त्यांनी 15 चे पसंत केले. एकाने सुरुवातीला अंगठा आणि तर्जनीचं टोक कापून घातले, मग चिरा नेमक्या तिथेच पडायला लागल्या तशी त्याने स्वतःच दुसरी जोडी मागितली.

सेंट्रिंग खोलताना तळव्याला चामडं असलेले. पण खिळा हा मोज्याने थांबत नाही हे स्पष्ट सांगितलं. मोज्यावर ढाल आणि हातोडीचं चित्र आणि खाली आकडे असतात ते ईएन 388 या युरोपियन स्टँडर्डचे. पहिला आकडा घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा, आणि 2016 नंतरच्या मोज्यांवर पुढे ए ते एफ असं एक अक्षर, ते धारदार पात्याच्या वेगळ्या टेस्टचं, एफ सगळ्यात वरचं. एक्स लिहिलं असेल तर ती टेस्ट केलेली नाही. टोचण्याची टेस्ट एका जाड बोथट सुईने होते, त्यात सगळ्यात वरच्या 4 नंबरला 150 न्यूटन, म्हणजे साधारण पंधरा किलोचा जोर सहन होतो, पण खिळ्याचं टोक त्याहून कितीतरी बारीक. म्हणून प्लाय खोलला की लगेच खिळे उपटायचे किंवा ठोकून वाकवायचे, मगच फळी रचायची. हे मोज्याचं नाही, कामाच्या पद्धतीचं.

चिरा आणि ब्लॉक उचलायला लॅटेक्सचा सुरकुतलेला थर असलेले. इथे मापाचा प्रश्न आला. दुकानात सरसकट 10 नंबर मिळतो. मोज्याचा नंबर म्हणजे ढोबळमानाने तळहाताचा घेर इंचात, अंगठा सोडून. बायांचे घेर मोजले तर बहुतेक 7 आणि 8. त्यांना आजपर्यंत 10 चे मोजे दिलेले, बोटांची टोकं लोंबकळायची, दगड निसटून पायावर पडायची भीती, म्हणून त्या काढून टाकायच्या आणि वर ऐकून घ्यायच्या की बायका मोजे घालतच नाहीत. 7 नंबर दुकानात नव्हते, मागवून घ्यायला लागले. एवढी एकच गोष्ट या सगळ्या प्रकरणातून कुणी उचलली तरी चालेल, मोजे घेण्याआधी हात मोजा.

वेल्डिंगवाला बाहेरून यायचा, त्याचे स्वतःचे चामड्याचे लांब मोजे होते. वायरमनला आयएस 4770 छाप असलेले रबरी मोजे, ते लाइटच्या कामाला आणि फक्त लाइटच्या कामाला.

खर्च आणि कायदा

पातळ कोटिंगवाले मोजे तेव्हा जोडीला पन्नास ते शंभर रुपयांच्या दरम्यान मिळाले, नायट्राइलचे लांब त्याहून थोडे जास्त, कट-रेझिस्टंट मात्र दोनशेच्या पुढे, पण ते टाइल्सवाल्यांपुरतेच लागतात. सळईवाल्याला महिन्याला दोन-तीन जोड्या धरल्या तरी त्याच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीत भागतं. काँट्रॅक्टरने कागदावर हिशोब मांडला आणि स्वतःच म्हणाला, पोराच्या दवाखान्याच्या बिलात माझी सगळी माणसं कितीतरी वर्षं मोजे घालतील.

कायद्याचं थोडक्यात. 1996 चा बांधकाम कामगारांचा कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कामाला लागू होता, आणि सेफ्टीचं सामान ठेकेदाराने फुकट द्यायचं, मजुरीतून कापायचं नाही, ही जबाबदारी 2020 च्या नव्या कामगार कोडमध्ये पण तशीच आहे. कर्नाटकच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाचं लेबर कार्ड 18 ते 60 वयाच्या माणसाला मिळतं, मागच्या वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केलेलं पाहिजे. या पोराचं कार्ड नव्हतं. साइटवरच्या निम्म्या माणसांचं नव्हतं, काहींचे फॉर्म कन्नडमधून भरायचे म्हणून पडून होते, ते सळईवाल्यांच्या म्होरक्याने बसून भरून दिले. 1923 च्या जुन्या भरपाई कायद्याच्या तक्त्यात पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची ताकद 14 टक्के गेली असं धरलं होतं, अंगठा गेला तर 30 टक्के. तक्त्याला काहीतरी आकडा लागणारच, पण हातोडी आणि पाना धरणाऱ्या माणसाचं नुकसान त्या 14 मध्ये मावत नाही असं मला मनापासून वाटतं.

पुढे काय झालं

पोराचं टेंडन जोडलं. साधारण सहा आठवडे स्प्लिंटमध्ये हात, रोज डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम, जड काम तीन महिन्यांच्या आत नाही. तो व्यायाम नेमाने करत होता, आई समोर बसून करून घ्यायची. मधलं बोट चांगलं वाकतं, तर्जनी पूर्ण मिटत नाही आणि एका बाजूला अजून बधिर आहे. सेंट्रिंगला तो परत आला नाही. काँट्रॅक्टरने त्याला स्टोअरला घेतलं, आणि मोजे वाटायचं, नोंद ठेवायचं काम आता तोच बघतो. लोक त्याच्याकडून मोजे घेताना वाद घालत नाहीत.

वाटायची पद्धत पण बदलली. आधी पेटीत मोजे ठेवले तर आठवड्यात गायब, कोण उसाच्या तोडणीला घेऊन गेला, कोण घरी. मग प्रत्येकाच्या नावाची जोडी, मापासकट, फाटली की जुनी द्यायची आणि नवी घ्यायची. रंगाने ओळखायचं, निळे सिमेंटचे, राखाडी सळईचे, पिवळे दगडाचे. भिंतीवर मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहिलं आणि शेजारी कामाचं चित्र, कारण काहींना दोन्ही लिपी येत नाहीत. टेबल कटरच्या वर मोज्यावर लाल फुली. काम सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं उभं राहून बोलायचं ठेवलं, तेव्हा मराठीत मिस्त्री मामा बोलतो आणि कन्नडमध्ये म्होरक्या. मामा सुरुवातीला बोलायला तयारच नव्हता. मग एकदा त्याने स्वतःहून सगळ्यांना कटरवर मोजा का नको ते सांगितलं, थोडंच बोलला, आणि त्यानंतर ते काम त्याच्याकडेच राहिलं.

सगळं जमलं असं नाही. प्लास्टर करणारे जुने गवंडी उजव्या हातात अजून मोजा घालत नाहीत, थापीची पकड सुटते म्हणतात. डाव्या हाताला, ज्याने माल उचलतात आणि फळीला लागतं, तिथे घालतात, आणि उजव्यासाठी पातळ टेक्स्चरवाल्या नायट्राइलचे नमुने मागवलेत. पावसात मोजे वाळत नाहीत, ओल्याच मोज्यात हात घालून बोटांत चिखल्या झाल्या एक-दोघांना, म्हणून जिन्याखाली दोरी बांधून प्रत्येकाला दोन जोड्या केल्या, एक वाळत एक हातात. एप्रिल-मेच्या उन्हात घामाने लोक काढून टाकतात हे पण खरं, तिथे दर तासाला हात धुऊन पुसायला पाच मिनिटं मोकळीक दिली तर जास्त टिकतात असं दिसलं.

आता आतली टाइल्स सुरू व्हायची आहेत. टाइल्सवाले स्वतःचे चार इंची ग्राइंडर घेऊन येतात, आणि पाच इंची डिस्क बसवायला गार्ड काढून टाकलेला असतो. शंभर मिलिमीटरच्या डिस्कवर 15,300 फेऱ्यांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, सव्वाशेच्या डिस्कवर 12,200 च, आणि चार इंची मशीन रिकामी 11-12 हजारांवर फिरते, म्हणजे मोठी डिस्क आपल्या मर्यादेच्या अगदी कडेला आणि गार्डशिवाय. गार्ड नसलेलं मशीन गेटच्या आत घ्यायचं नाही, बाजूचा दांडा लावून दोन्ही हातांनी धरायचं, टाइल पायाखाली धरून कापायची नाही तर शिकंज्यात आवळायची, आणि डिस्क गार्डमागे आणि दोन्ही हात मशीनवर असल्यामुळे इथे टाइलच्या कडेसाठी हातात घट्ट बसणारे, ए ते एफ मधल्या सी लेव्हलचे मोजे, धागा सुटलेला एकही नाही, असं त्यांच्या मुकादमाला आधीच सांगून ठेवलंय. त्याने विचारलं, मोजे तुम्ही देणार का आम्ही आणायचे. काँट्रॅक्टर म्हणाला, आम्ही देतो, तुम्ही फक्त सगळ्यांच्या हाताची मापं पाठवा.